बेळगाव पायी बघायचंय? स्वतःपुरता गाईड ठरवण्याआधी हे वाचा

कोल्हापूर, सांगली, पुणे, गोवा इथून बेळगावला येणारे बरेच जण किल्ल्यातून एक चक्कर मारतात, कपिलेश्वराला हात जोडतात, कुंद्याचा डबा घेतात आणि दुपारच्या गाडीने परततात. त्यात वाईट काही नाही, पण गाव मात्र बघायचं राहून जातं. बेळगाव नुसतं डोळ्यांनी बघून कळत नाही. किल्ल्यातल्या सफा मशिदीच्या खांबांवर कन्नड भाषेतले लेख आहेत, आणि तेही नागरी लिपीत. त्यातला एक ११९९ च्या सुमाराचा, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातला. दुसरा १२६१ चा, देवगिरीच्या यादव कृष्णाच्या काळातला. मशीद आदिलशाहीतली, खांब तिच्याहून जुने. तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर गणपत गल्लीत दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत आणि दुसऱ्याशी कन्नडात बोलत असतो. हे सगळं उलगडून सांगणारं माणूस सोबत असेल तर तीन तासांत जे हाती लागतं, ते एकट्याने तीन दिवस फिरून लागत नाही.

पण असा माणूस शोधायचा कसा, त्याच्याशी काय ठरवायचं आणि कुठे गडबड होते, हे नवख्याला कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख. तो फक्त तुमच्या कुटुंबापुरत्या किंवा चार-सहा जणांच्या गटापुरत्या पायी फेरीबद्दल आहे. बसभर लोकांच्या सहलीचं गणित निराळं असतं.

१. आधी तुमचा धागा ठरवा

गाईडला फोन लावण्याआधीचं हे काम आहे आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. "बेळगाव दाखवा" असं सांगितलं की गाईड त्याची नेहमीची फेरी काढतो: दहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. खासगी फेरीचे पैसे मोजून तेच मिळवायचं असेल तर रिक्षा केलेली बरी. एक धागा निवडा आणि तोच सांगा. पायी होण्यासारखे चार धागे इथे आहेत.

किल्ला. पहिल्यांदा येणाऱ्याने हाच घ्यावा. दाराशी गणपती आणि दुर्गा, आत कमल बस्ती (बस्ती म्हणजे जैन मंदिर), तिच्याजवळ पडझड झालेली चिक्की बस्ती, पुढे सफा मशीद आणि रामकृष्ण आश्रम. कमल बस्ती १२०४ ची, चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज याने बांधवलेली, गाभाऱ्यात नेमिनाथ. मंडपाच्या छताला दगडी कमळ लोंबतं, त्याच्या ७२ पाकळ्या म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य काळातले प्रत्येकी २४ तीर्थंकर. हे कमळ नीट बघायचं तर मान वर करून किमान दहा मिनिटं उभं राहावं लागतं, म्हणून इथे घाई करणारा गाईड नको. आश्रमाच्या जागी स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिले होते. त्याआधी ते गावात रिसालदार गल्लीत वकील भाटे यांच्या घरी उतरले होते. ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. किल्ल्याला नीट अडीच ते तीन तास द्या.

बाजार. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, किर्लोस्कर रोड आणि घाऊक मालासाठी रविवार पेठ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते याच गावात; पुढे १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. किर्लोस्कर रोडवरून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसतं. गावातलं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. हा धागा घेतलात तर गाईडला सांगा की खरेदी शेवटच्या अर्ध्या तासात. आधी फक्त बघणं आणि बोलणं.

कपिलेश्वर आणि शहापूर. माझ्या मते जाणत्या प्रवाशासाठी हा सर्वांत चांगला धागा. दक्षिण काशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कपिलेश्वरापासून निघून रेल्वेच्या पुलाने पलीकडे गेलं की शहापूर लागतं. आज सगळं एकच गाव दिसतं, पण स्वातंत्र्यापूर्वी बेळगाव इंग्रजी मुलखात आणि शहापूर सांगली संस्थानात होतं. म्हणजे दहा मिनिटं चालून माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. शहापूर आणि पुढचं वडगाव विणकरांचं. हातमाग आता विरळ, यंत्रमागाचा खडखडाट मात्र गल्लीत शिरताच कानावर येतो. माग बघायचा असेल तर गाईडने मागवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवायला हवं. चालू घरात अचानक सहा माणसं घुसवणं बरं नाही.

टिळकवाडी आणि १९२४. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते इथे. अधिवेशनाच्या जागेला विजयनगर हे नाव होतं आणि पाण्यासाठी खोदलेल्या विहिरीला पंपा सरोवर. तिचा खर्च ४,३७० रुपये ३ आणे असा नोंदलेला आहे. ही काँग्रेस विहीर आणि शेजारचं वीरसौध हे अधिवेशनाचं स्मारक आजही बघता येतं. गंगूबाई हनगल यांनी लहानपणी याच अधिवेशनात स्वागतगीत गायलं होतं. टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली तीही बेळगावातच, एप्रिल १९१६ मध्ये. या धाग्यात दोन तासांत बघून होतं, कारण ठिकाणं थोडी आहेत. इथे गाईडचं बोलणंच मुख्य.

याशिवाय कॅम्पात १८६९ चं सेंट मेरी चर्च आहे, दगडी आणि देखणं. ते किल्ल्याच्या किंवा टिळकवाडीच्या फेरीला जोडता येतं, पण पायी अंतर बरंच पडतं. मध्ये रिक्षा करा.

किल्ला आणि बाजार एकाच सकाळी बसवू नका. कागदावर बसतात, पायांना बसत नाहीत.

२. गाईड कुठे मिळतो

हंपीला किंवा विजापूरला दारात गाईड उभे असतात, तसं इथे नाही. किल्ल्याच्या वेशीवर कुणी भेटेल या भरवशावर येऊ नका. निदान आठवडाभर आधी शोधाशोध सुरू करा. विचारायच्या जागा या क्रमाने:

पर्यटन खात्याचं जिल्हा कार्यालय. परवानाधारक गाईडांची माहिती तिथे मागता येते. परवानाधारक म्हणजे राज्याच्या पर्यटन खात्याचं किंवा केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचं फोटो असलेलं ओळखपत्र ज्याच्याकडे आहे तो.

तुमचं हॉटेल किंवा लॉज. पण "आमचा ड्रायव्हर सगळं दाखवतो" असं म्हणाले तर थांबा. रस्ता माहीत असणं वेगळं आणि गाव माहीत असणं वेगळं.

वाचनालयं, कॉलेजांचे इतिहास विभाग, स्थानिक दैनिकांत गावाच्या इतिहासावर लिहिणारी मंडळी. यातले काही जण गाईडचा धंदा करत नाहीत, पण आवडीने फिरवतात. अशा माणसाला "तुमचा रेट काय?" असं पहिल्याच फोनला विचारू नका. आपण कोण, काय बघायचंय, किती जण आहोत हे सांगा आणि मानधनाचा विषय आपणच काढा: "सर, तुमचा अर्धा दिवस घेतोय, मानधन किती ठेवू?" पैसे घ्यायला ते तयार नसतील तर जेवण, प्रवासखर्च आणि ज्या संस्थेचं काम ते करतात तिला देणगी, असा मार्ग असतो.

केंद्रीय संरक्षित स्मारकात गाईड म्हणून काम करायला परवाना लागतो. हौशी जाणकार सोबत असेल तर तो पाहुणा म्हणून येतो, हे दोघांनीही लक्षात ठेवावं.

३. फोनवर हे विचारा

पहिला प्रश्न भाषेचा. "मराठी येतं का?" एवढं पुरत नाही, बेळगावात मराठी बहुतेकांना येतं. विचारायचं ते असं: तुम्ही मराठीत सांगाल, पण कन्नड वाचता का? इथल्या पाट्या, देवळांतले सूचनाफलक, सरकारी कागद कन्नडात आणि शिलालेख हळेकन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात. ज्याला कन्नड वाचता येत नाही तो किल्ल्यात ऐकीव गोष्टी सांगतो. उलट, ज्याला मराठी फक्त कामापुरतं येतं, त्याला गल्लीतल्या घरांच्या, तालमींच्या, गणेशोत्सव मंडळांच्या गोष्टी सांगता येत नाहीत. दोन्ही असलेला माणूस मिळेपर्यंत दोन-तीन फोन जास्त करावे लागले तरी करा. फेरीची निम्मी गुणवत्ता इथेच ठरते.

मग ज्ञानाची हलकीशी चाचपणी. परीक्षा घेतल्यासारखं नको, कुतूहलाने विचारा: "कमल बस्ती कुणाच्या काळातली हो?" रट्ट घराणं, कार्तवीर्य, बिचिराज यातलं काही उत्तरात आलं की माणूस बरोबर. "फार जुनी आहे, हजारो वर्षांची" असं आलं तर पुढचा नंबर बघा. किल्ल्यात एकेकाळी १०८ बस्त्या होत्या अशी एक कथा सांगतात. चांगला गाईड ती दंतकथा म्हणून सांगतो, इतिहास म्हणून नाही. हा फरक करणाऱ्या माणसावर बाकीच्या गोष्टींतही विश्वास ठेवता येतो.

त्यानंतर व्यवहाराचे प्रश्न:

- त्या दिवशी फक्त आमचाच गट आहे ना? ऐन वेळी दुसरे दोघे जोडले जातात, हा नेहमीचा अनुभव.
- तुम्ही स्वतः येणार की दुसऱ्याला पाठवणार?
- कमल बस्ती, मशीद, आश्रम यांच्या उघडण्याच्या वेळा तुम्ही आदल्या दिवशी विचारून घ्याल का?
- गुडघेदुखीची आजी किंवा लहान मूल असेल तर फेरी कशी बदलाल?
- पाऊस आला तर काय?

शेवटच्या दोन प्रश्नांना "बघू की, होतंय" एवढंच उत्तर आलं तर सावध व्हा. फेरी खरोखर तुमच्यासाठी आखणारा माणूस इथे उलट प्रश्न विचारतो: आजींना जिने चढता येतात का, मूल कितवीत आहे, याआधी काय काय बघितलंय.

गट सहा जणांपेक्षा मोठा नको. गणपत गल्लीत सातवा माणूस दुचाकींच्या पलीकडे पडतो आणि त्याला एक शब्द ऐकू येत नाही. आठ-दहा असाल तर दोन गट करा.

४. पैशाचं लिहून घ्या

व्हॉट्सअॅपवर एक संदेश पुरतो, पण तो हवाच. त्यात असावं: तारीख, सुरू होण्याची वेळ, किती तास, किती माणसं, रक्कम पूर्ण गटाची की माणशी, रिक्षाभाडं आणि चहा-नाश्ता त्यात धरलाय की वेगळा, वेळ वाढली तर तासाला किती, आणि रद्द केल्यास काय. खटके बहुधा "माणशी की गटाचे" यावरूनच उडतात.

आगाऊ रक्कम मागितली तर पाव हिस्सा द्यायला हरकत नाही. पूर्ण रक्कम आधी देऊ नका. उरलेली फेरी संपल्यावर.

संदेशात एक ओळ आवर्जून घाला: "दुकानांत नेणार असाल तर आम्ही सांगू तेव्हाच." काही गाईडांचं साडीच्या किंवा मिठाईच्या दुकानाशी कमिशन ठरलेलं असतं. आधी सांगितलं की कुणी दुखावत नाही. तिथे दुकानात उभं राहून सांगितलं तर दोघांची सकाळ बिघडते.

५. तारीख आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे; थंडीत सकाळी स्वेटर लागतो. मार्च ते मे सकाळी सात ते दहा एवढाच वेळ चालण्याचा, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव गाठतो. जून ते सप्टेंबर पाऊस लागून राहतो. किल्ल्यातला तांबडा दगड आणि माती तेव्हा शेवाळाने निसरडी होते. खंदकाच्या काठाला तर जाऊच नये. पावसाळ्यात यायचंच असेल तर टिळकवाडीचा धागा घ्या, तिथे रस्ते बरे आहेत.

काही दिवस टाळा किंवा ठरवून निवडा:

- १ नोव्हेंबर. कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक चन्नम्मा चौकाकडे असते आणि त्याच दिवशी मराठी भाषक काळा दिन पाळतात. रस्ते बंद, बंदोबस्त कडक. त्या दिवशी पायी फेरी ठेवू नका.
- १७ जानेवारी. १९५६ च्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना हुतात्मा चौकात अभिवादन होतं. बाजाराची फेरी असेल तर हे गाईडला विचारून वेळ ठरवा.
- डिसेंबर. सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत आणि चौकाचौकांत पोलीस. अधिवेशनाच्या तारखा बघून मगच खोली घ्या.
- शिवजयंती. बेळगावात वैशाखातल्या तिथीने चित्ररथांची मिरवणूक निघते आणि रात्रभर चालते. बघण्यासारखीच आहे, पण त्या रात्री गाईडची फेरी होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव उशिरा उठतं.
- गणेशोत्सव. विसर्जन कपिलेश्वराच्या तलावात. अनंत चतुर्दशी सोडून मधल्या दिवसांत संध्याकाळची मंडळांची फेरी सुंदर होते. गाईडने ती पायी आखली तर नक्की घ्या.
- महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार. कपिलेश्वराला मोठी रांग.

सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की कोल्हापूर-बेळगाव बसगाड्या निपाणीच्या अलीकडे कोगनोळीला थांबवल्या जातात. निघायच्या आदल्या संध्याकाळी बसस्थानकावर फोन करून खात्री करा. गाडी थांबल्यामुळे फेरी चुकली तर काय, हेही चौथ्या मुद्द्यातल्या संदेशात घातलेलं बरं.

दिवसातली वेळ: किल्ल्यासाठी सकाळी साडेसात. ऊन कोवळं असतं, बस्तीत गर्दी नसते. दुपारी ठिकाणं बंद असू शकतात, म्हणून अकराच्या आत आतलं बघून झालं पाहिजे. शुक्रवारी दुपारी आणि नमाजाच्या वेळी मशिदीकडे जाऊ नका. बाजार मात्र सकाळी आठला झोपलेला असतो. साडेदहानंतर किंवा संध्याकाळी पाचला निघा. दुकानांची साप्ताहिक सुट्टी गल्लीगणिक वेगळी, ती गाईडकडून कळून घ्या.

६. भेटायची जागा नीट ठरवा

क्षुल्लक वाटतं, पण अर्धा तास इथेच जातो. खडेबाजार बेळगावातही आहे आणि शहापुरातही. "खडेबाजारात उभा राहतो" म्हटलं की एक जण एकीकडे आणि दुसरा पुलापलीकडे. टिळकवाडीत पहिलं, दुसरं, तिसरं अशी रेल्वे गेटं आहेत; नुसतं "गेटपाशी" चालत नाही. विवेकानंदांच्या स्मारकाचंही तेच: किल्ल्यातलं की रिसालदार गल्लीतलं, हे स्पष्ट विचारा. जुन्या बेळगावकरांच्या तोंडी बोगारवेस, शनिवार खूट, काकतीवेस अशी नावं असतात आणि फोनमधल्या नकाशात दुसरंच काही दिसतं.

बिनचूक जागा या: किल्ल्याच्या फेरीसाठी दुर्गा मंदिर, बाजारासाठी धर्मवीर संभाजी चौक, शहापूरसाठी कपिलेश्वराचं मुख्य दार, टिळकवाडीसाठी काँग्रेस विहीर. मध्यवर्ती बसस्थानकापासून किल्ला चालत गाठता येतो. रेल्वे स्टेशनवरून संभाजी चौकही जवळच आहे. सांबरा विमानतळ गावापासून दहा-अकरा किलोमीटर. रिक्षावाल्याशी बसण्याआधी भाडं ठरवा. मीटरवर विसंबू नका.

७. सोबत काय घ्यायचं

- आधार कार्ड किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र, प्रत्येकाचं, मूळ. किल्ल्याचा काही भाग आणि कॅम्प लष्कराच्या अखत्यारीत आहे, पहाऱ्यावर विचारलं जाऊ शकतं. सोबत परदेशी पाहुणा असेल तर पासपोर्ट, आणि गाईडला आधी कल्पना.
- माणशी एक लिटर पाणी.
- सहज काढता-घालता येणारी चप्पल किंवा बूट, आणि एक जोडी मोजे. बस्ती, मशीद, आश्रम, देऊळ, चार वेळा पादत्राणं काढावी लागतात. उन्हात दगडी फरशी पाय भाजते, तेव्हा मोज्यांचं मोल कळतं.
- खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा रुमाल. बस्तीत जाताना चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवायची तयारी ठेवा.
- सुटे पैसे. यूपीआय सगळीकडे चालतं, पण आरतीच्या ताटात आणि रिक्षात दहा-वीसच्या नोटाच सोयीच्या.
- छोटी विजेरी. बस्तीतलं कोरीव काम अंधारात असतं. विजेरी तिरकी धरली की खोली दिसते. मूर्तीवर थेट झोत टाकू नका आणि पुजाऱ्याला विचारल्याशिवाय लावूच नका.

ट्रायपॉड आणि ड्रोन घरी ठेवा. संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि लष्करी भागाशेजारी ड्रोन उडवणं म्हणजे पोलीस ठाण्याची वाट. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचे, फाटकांचे, जवानांचे फोटो काढायचे नाहीत. "एकच काढतो" असंही नाही.

८. चालताना

थांबत-बोलत चालण्याचा वेग तासाला दीड ते दोन किलोमीटर. तीन तासांत पाच किलोमीटरपेक्षा जास्त कुणी आखून दिलं तर ते कमी करायला सांगा. दर पाऊण तासाला बसायची जागा हवी आणि निघतानाच स्वच्छतागृह कुठे कुठे आहे हे विचारून ठेवा. जुन्या गल्ल्यांत ती सोय जवळपास नाही.

पहिल्या पंधरा मिनिटांतच गाईडला तुमची तऱ्हा कळू द्या. तारखा नकोत, माणसांच्या गोष्टी हव्यात, किंवा उलट, ते तेव्हाच सांगा. बरेच जण संकोचाने गप्प राहतात आणि फेरी संपल्यावर कुरकुरतात. गाईड वयाने मोठे असतील तर काका, सर. बरोबरीचे असतील तर दादा. कन्नड बोलणाऱ्या दुकानदाराला अण्णा किंवा अक्का म्हटलं की तोही मोकळा होतो. चार शब्द शिकून या: नमस्कार, धन्यवाद तेच आहेत, "एष्टु?" म्हणजे किती, "साकु" म्हणजे पुरे. एवढ्यावर बाजार हसून बोलतो.

सीमाप्रश्नाबद्दल विचारायचं असेल तर जरूर विचारा, या भागातल्या मराठी माणसाच्या घराघरात तो विषय आहे. पण भर चौकात मोठ्याने नको आणि गाईडला बाजू घ्यायला भाग पाडू नका. त्याला उद्याही याच गल्लीत धंदा करायचाय, मराठी आणि कन्नड दोन्ही गिऱ्हाइकांबरोबर. चहाला बसल्यावर विचारलंत तर जास्त आणि खरं ऐकायला मिळेल.

फोटोचं एक पथ्य: घरात, मागावर, दुकानात आधी विचारायचं. विणकर बहुधा हो म्हणतो, पण मागावरच्या डिझाइनचा जवळून फोटो काढू देत नाही, आणि त्याला तसं कारणही आहे. नक्कल लवकर होते.

खाण्याचं शेवटी ठेवा. कुंदा दूध आटवून, रवाळ करून, साखर घालून करतात. रंग जितका भाजका तितकी चव खमंग. घेताना "आजचा आहे का" विचारा, आणि पुढचा प्रवास लांबचा असेल तर गरम डबा लगेच बंद करून घेऊ नका, आतल्या वाफेने पाणी सुटतं आणि लवकर खराब होतो. मांडे घ्यायचे तर कडक डब्यात आणि बॅगेत सर्वांत वर. पिशवीत घेतलेले मांडे घरी पोचेपर्यंत चुरा होतात.

९. गावाबाहेर जायचं असेल तर

ही फेरी गाडीने जाऊन पायी बघण्याची, आणि पूर्ण दिवसाची. खानापूरमार्गे हलशी हा माझा पहिला कौल. कदंबांची ही दुसरी राजधानी; भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. त्याच दिशेला देगावचं कमलनारायण मंदिर. कदंब राणी कमलादेवीने बाराव्या शतकात बांधवलेलं, आणि कोरीव काम असं की तासभर हलवत नाही. नंदगडला १८३१ मध्ये इंग्रजांशी लढलेल्या संगोळी रायण्णाला फाशी दिलं, ती जागाही याच रस्त्याने जोडता येते. तिन्ही एका दिवसात होतात, चौथं घालू नका. येळ्ळूरचा राजहंसगड मात्र सकाळचा अर्धा दिवस.

बाहेरच्या फेरीत गाडी तुमची की गाईडची, इंधन कुणाचं, ड्रायव्हरचं जेवण कुणाकडे हे वेगळं लिहून घ्या. आणि जेवण सोबत बांधून न्या. हलशीला चहा मिळेल, जेवणाची खात्री नाही.

१०. फेरी संपल्यावर

पैसे दिल्यावर पावती किंवा निदान "मिळाले" असा संदेश घ्या. वर काही द्यावंसं वाटलं तर ते गाईडच्या हातात द्या, हॉटेलमार्फत नको. बस्तीतल्या पुजाऱ्याने किंवा मागवाल्याने वेळ दिला असेल तर त्यांचं वेगळं. ते गाईडच्या पैशांत येत नाही, ही गोष्ट बरेच जण विसरतात.

ऐकलेली नावं त्याच संध्याकाळी लिहून ठेवा: गल्ली, देऊळ, राजा, साल. शंका राहिली तर गाईडला दुसऱ्या दिवशी विचारा, चांगला माणूस उत्तर देतो आणि माहीत नसेल तर विचारून कळवतो. विणकराचा फोटो काढला असेल तर तो गाईडच्या फोनवर पाठवा आणि त्याच्यापर्यंत पोचवायला सांगा. पुढच्या वेळी दुसरा धागा घेणार असाल तर आत्ताच बोलून ठेवा: किल्ल्यात रमणारा माणूस शहापूरच्या मागांबद्दल तितकंच सांगू शकेल असं नाही, पण ते सांगणारं कोण, हे त्याला नक्की ठाऊक असतं.